चाळीस सेआ पाणी

प्रार्थनेच्या खोलीत चार बाकं होती. भिंतीतल्या लाकडी कपाटात मखमली वेष्टनातली एक तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, कपाटासमोर टांगलेला तेलाचा एक दिवा, फळीवर चौदा प्रार्थनापुस्तकं. बायका सहा. पुरुष नऊ. मी दुसऱ्यांदा मोजलं, तरी नऊच.

हझान शालोम वाक्रुळकर दाराकडे पाहत उभे राहिले. हझान म्हणजे आमची प्रार्थना चालवणारे. रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. थोडा वेळ गेल्यावर ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी मान हलवली. म्हणजे आजही कद्दीश नाही.

तुमसरजवळच्या मँगनीज खाणीच्या वसाहतीत आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, सहा-सात घरं होतो. आमचे आजे कोकणातून रेल्वे आणि खाणीच्या नोकऱ्यांवर इकडे आले आणि इथलेच झाले. माझे वडील शिमशोन मापगावकर १९८० च्या जानेवारीत झोपेत वारले. बाप गेल्यावर मुलाने अकरा महिने कद्दीश म्हणायचा असतो. ही प्रार्थना मेलेल्यासाठी असते, पण तिच्यात मरणाचा उल्लेख नाही, आणि ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा ज्यू पुरुष हजर लागतात. वडील होते तोवर आम्ही अकरा होतो. ते गेल्यावर बरोबर दहा उरलो.

पहिला महिना दहा भरले. मग हनोखकाका नागावकर यायचे थांबले.

मला दुःख झालं असेल, पण ते कुठे आहे हे सापडत नव्हतं. मी खाणीच्या प्रयोगशाळेत खनिजाचे नमुने तपासत होतो. ब्युरेटच्या काचनळीची तोटी फिरवताना हात थरथरत नव्हता. उत्तरं नेहमीसारखी येत होती. शनिवारी घरी आलो की आई विचारायची, "झाले दहा?"

"नाही."

ती ताटात भात वाढायची. आमटी वाढायची. मग स्वतः न जेवता पाट उचलून ठेवायची. तिने वडिलांचा टॉवेल दोरीवरून काढला नव्हता. तिच्या हिशेबाने कद्दीश थांबला होता म्हणजे वडील वाटेत कुठेतरी उभे होते.

हनोखकाका खाणीतलं पाणी उपसायच्या पंपावर होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, बायको नाही, मूल नाही. वडिलांचे मित्र. ते का येत नाहीत याबद्दल वसाहतीत दोन मतं होती. एक, ते गुपचूप इस्राएलला जायची तयारी करताहेत. दुसरं, वडिलांशी त्यांचं कधीतरी बिनसलं होतं आणि आता ते उट्टं काढताहेत. दोन्ही मतांना पुरावा काही नव्हता.

एका गुरुवारी हझान आमच्याकडे कोंबडी कापायला आले. आमच्यात कोंबडी कापायची ती हझानने, विशिष्ट सुरीने, आणि सुरीच्या धारेला जराही खाच चालत नाही. ते ओट्यावर बसून सुरीची धार अंगठ्याच्या नखावरून हळूहळू फिरवत होते.

"रहमिम," ते म्हणाले, "हनोख तुझ्याशी बोलतो का?"

"बोलतात. परवा वांगी आणून दिली."

"वांगी देतो आणि कद्दीशला येत नाही. अशी चीड मी पाहिली नाही बुवा. माझा साडू माझ्यावर चिडला तेव्हा त्याने उसना नेलेला तवासुद्धा परत केला नाही."

"तुमचा तवा त्याने चिडायच्या आधीच बुडवला होता," आई आतून म्हणाली. वडील गेल्यापासून तिने केलेली ही पहिली थट्टा. हझान हसले आणि पुन्हा नखाकडे पाहू लागले.

"शनिवारी त्याची चूल पेटत नाही," ते म्हणाले. "मी मुद्दाम पाहिलं. शुक्रवारचं गार खातो. म्हणजे शब्बाथ पाळतो. दारावरच्या मेझुझाच्या डबीला हात लावून बोटं ओठांना लावतो, तेही पाहिलं. मग देव सोडलेला नाही. आपल्याला सोडलं म्हणावं तर वांगी."

"गुडघे दुखत असतील."

"पंपाच्या त्या शिड्या रोज उतरतो तो." त्यांनी सुरी उलटी करून दुसरी बाजू तपासली. "रविवारी घोसाळकरांकडे मलिदा आहे. बघू."

मलिदा म्हणजे एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नावाने केलेला प्रसाद. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. नवस फेडायला किंवा शुभ कार्याच्या आधी करतात. घोसाळकरांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आतल्या खोलीत चादर अंथरून आम्ही बसलो. शेजारचे, खाणीतले, गावचे लोक आले की त्यांना ओसरीवर बसवून द्रोणात मलिदा द्यायचा, अशी पद्धत. त्यात कमीपणाचं काही नसतं. प्रार्थना म्हणणारे आत, पाहुणे बाहेर, इतकंच.

हनोखकाका आले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. उंबऱ्याशी थांबले, आणि ओसरीवर खाणीतल्या तेजराम आणि सेवकरामच्या शेजारी जाऊन बसले.

"नागावकर, इथे कायले बसता जी?" तेजराम म्हणाला. "तुमचे लोकं तं आत बसून राहिले."

"हवा आहे इथे."

"हवा पायजे तं पोह्याचा वाटा मले द्या, तुमी हवा खा."

सगळे हसले. हनोखकाकाही हसले, आणि त्यांनी आपला द्रोण खरंच तेजरामपुढे सरकवला. आतून हझान हे पाहत होते. प्रार्थना म्हणताना त्यांचा एक शब्द चुकला. असं कधी होत नसे.

परत येताना ते माझ्या बरोबरीने चालले. "रागावलेला माणूस मलिद्याला येत नाही," ते म्हणाले. "आला तर मुद्दाम पुढे बसतो, सगळ्यांना दिसेल असा. हा पाहुण्यांत बसला. समजलं?"

मला समजलं नव्हतं.

"तो आपल्याला वगळत नाहीये रे. स्वतःला वगळतोय. त्याला कोणीतरी काहीतरी सांगितलंय. तुझ्या वडिलांचा महिना झाला तेव्हा शेवटचा आला होता ना? त्या दिवशी बाहेरचं कोण होतं?"

मी आठवून पाहिलं. त्या दिवसाच्या माझ्याकडे फक्त नोंदी होत्या, भावना नव्हती, त्यामुळे आठवणं सोपं गेलं. वडिलांच्या हाताखाली काम केलेला तुलाराम आला होता. त्याच्याबरोबर त्याची सासू होती, गोदावरीबाई. बपेरा गावाच्या अलीकडे एक टोली आहे, म्हणजे दहा-वीस घरांची वस्ती, तिथली. म्हातारी आईजवळ बसली, मग बाहेर आली, आणि हनोखकाकांकडे बघत राहिली. काय म्हणाली ते मी ऐकलं नव्हतं. घरी आल्यावर आईला विचारलं.

"म्हणाली, 'हा तं आमच्या पुनाचं नाक घेऊन आला,'" आई म्हणाली. "मग हनोखशी बराच वेळ बोलत होती. मला वाटलं, म्हातारी चळली असेल."

हझान दुसऱ्या दिवशी आमच्या कब्रस्तानात गेले. मी सोबत गेलो. हनोखकाकांच्या आईची कबर कोपऱ्यात होती. ते सहा वर्षांचे असताना ती वारली. दगडावर मराठीत आणि हिब्रूत नाव होतं : रूथ, अव्राहामची मुलगी.

"हनोखला लहानपणापासून काय सांगितलंय?" हझानांनी विचारलं.

"आई कोकणातली. अनाथ. अव्राहाम नावाच्या कुणाची तरी मुलगी."

"हं. बाहेरून आपल्यात आलेल्या बाईला नवं नाव मिळतं, आणि बाप म्हणून अव्राहामचंच नाव देतात. सगळ्यांचा मूळ बाप तो." ते दगडाजवळ उकिडवे बसले. "पण अव्राहाम नावाचे खरे बापही पुष्कळ असतात. माझाच सासरा अव्राहाम होता, आणि बायको जन्मापासूनची ज्यू आहे, हे ती रोज मला ऐकवते. यावरून काही ठरत नाही."

"ती बाहेरची होती असं धरलं, तर?"

"तर प्रश्न एकच. ती रीतसर आपल्यात आली होती की नाही. ज्यूपण आईकडून येतं, बापाकडून नाही. आली असेल तर मूल ज्यू. नसेल तर नाही, मग त्याने चाळीस वर्षं तोरा डोक्यावर घेतली तरी."

"आणि नसेल तर आम्ही नऊ."

"नऊ," हझान म्हणाले.

एप्रिलच्या मध्याला आम्ही एसटीने टोलीवर गेलो. गोदावरीबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. साठीच्या आतली, पण पाठीत वाकलेली. तिने हझानांची दाढी आणि टोपी निरखली.

"तुमी पादरी का जी?"

"नाही बाई."

"मंग मौलवी?"

"तेही नाही. मापगावकरबाबूंच्या जातीचा पुजारी समजा."

"समजलो. शनवारवाले." तिने बाज पुढे ओढली. "बसा. चहा पिता का? का तुमच्यात आमच्या घरचा चालत नाही?"

"काळा चालतो."

"दूध तसंही नाही घरी," ती म्हणाली.

हझानांनी एकदम काही विचारलं नाही. मोहफुलांचं विचारलं, जावयाचं विचारलं, सुनेची तक्रार ऐकून घेतली. कप खाली ठेवल्यावर म्हणाले, "पुना तुमची कोण?"

"मोठी बहीण. पाच वर्षांनं मोठी." तिने पदर तोंडाशी नेला. "काय सांगू बापा. खानीवर मजुरीले जाये. तितं त्या नागावकराच्या पोट्ट्यासंगं मन जुळलं. बाप म्हने, करू दे, मानूस चांगला हाये. अन् मंग त्याहीनं तिले लग्नाच्या आधीच रांडव केली."

"म्हणजे?"

"म्हंजे रांडव. अजून काय? बोडीवर नेली, पावसाचं पानी साचते तितं. मी मांगं मांगं गेलो, लहान होतो, कोनी हाकललं नाही. हातातल्या बांगड्या काढल्या. जोडवे काढले. नथ काढली. कपाळाचं कुंकू घासून पुसलं. अंगावर सूतभर नाही ठेवलं. अन् पान्यात बुडवलं. आमच्यात नवरा मेला का असंच करते. अन् नवरा तं जिता! गावात उभा होता, नवा सदरा घालून." तिचा आवाज वर गेला. "मी घरी येऊन सांगतलं. माय धाय मोकलून रडली. बापानं आंघोळ केली, म्हने, आपली पोट्टी मेली. तवापासून तिचं नाव नाही काढलं कोनी. दहा वर्षांची मी, माह्या तोंडानं सांगतलं."

हझान बाजेवर पुढे सरकले होते. त्यांचे हात गुडघ्यांवर होते.

"बाई, तिला पाण्यात कोणी बुडवलं?"

"तुमच्यातलीच एक म्हातारी. डोळे फाडून पाहे अन् ओरडे, 'केस! केस!' पुनाचे केस लांब, पान्यावर तरंगत. तं पुन्ना बुडवली. अशी तीनदा चांगली बुडली तवा सोडली."

"आणि पुरुष कोणी?"

गोदावरीबाई एकदम हसली. पडलेले दात दिसले. "तिघं होते नं जी. बोडीच्या पाळीवर, आमच्याकडे पाठ करून. मी म्हनो, पाह्यचं नाही तं आले कायले? तितूनच काहीबाही म्हनत होते, अन् पुना पान्यातून तेच म्हने. काय म्हने ते मले नाही समजलं."

हझानांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "बाई, तुमच्या बहिणीला कोणी विधवा केली नव्हती. आमच्यात यायचं असेल तर असंच यावं लागतं. अंगाला पाण्याचा स्पर्श सगळीकडून झाला पाहिजे, मध्ये काही नको. बांगडी नको, नथ नको, कुंकवाचा कणसुद्धा नको. एक केस वर राहिला तरी चालत नाही. तीन पुरुष साक्षीला लागतात, आणि त्यांनी पाहायचं नसतं. म्हणून पाठ."

गोदावरीबाईने मोहफुलांतला एक काडीचा तुकडा उचलून फेकला. मग दुसरा.

"म्हंजे ते न्हानं शुभाचं होतं?" तिने विचारलं.

"शुभाचं होतं."

"अन् आमी सुतक धरलं," ती म्हणाली. आम्ही निघालो तेव्हाही ती फुलं निवडत होती.

एसटीत हझान म्हणाले, "अकोबजी नागावकराने, हनोखच्या बापाने, हे पोरापासून का लपवलं ते मला कळतं. त्या काळी आपल्यातच गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल होते. आई बाहेरची, तो काळा. त्याला मुलगी द्यायची नाही, त्याचं भांडं वेगळं. बाप म्हणाला असेल, अनाथ सांगू, कोकण सांगू, कोण बघायला जातंय."

हनोखकाकांकडे आम्ही त्याच संध्याकाळी गेलो. हझानांनी सगळं सांगितलं. काका खाटेच्या काठावर बसून ऐकत होते. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"ती बाई मला म्हणाली, तू आमच्या पुनाचा पोरगा," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं, झालं. मी दहावा बसतो, शिमशोनचा पोरगा कद्दीश म्हणतो, आणि तो पोचत नाही. माझ्यामुळे. पहिला महिना असाच गेला असेल. पुढचा तरी खोटा व्हायला नको, म्हणून मी बाहेर बसलो."

"सांगायचं होतंस," हझान म्हणाले.

"काय सांगणार? आईच्या कबरीवरचा दगड खोटा आहे असं?"

"तो खोटा नाही, हे सांगायला तर आलो."

हनोखकाका उठले, माठातून पाणी घेतलं, प्यायले नाहीत. "कुठल्या महिन्यातलं हे?"

"म्हातारी म्हणते, रोहिण्या लागल्या होत्या. पावसाच्या आधी."

"मग बोडीत पाणी नव्हतं." त्यांचा आवाज सपाट होता. "मी पंपावरचा माणूस आहे, हझानकाका. मे अखेर या भागातल्या बोड्यांमध्ये चिखल असतो, आणि त्यात म्हशी. शास्त्रात पाणी किती लागतं?"

"चाळीस सेआ. आभाळातून पडून साठलेलं, माणसाने भरलेलं नव्हे."

"लिटरमध्ये सांगा."

हझानांनी माझ्याकडे पाहिलं. सेआ हे जुनं माप. ते किती, यावर पंडितांचं एकमत नाही. कमीत कमी धरणाऱ्यांचे चाळीस सेआ म्हणजे सुमारे तीनशे तीस लिटर, आणि सगळ्यात कडक धरणाऱ्यांचे सुमारे पावणेसहाशे.

"कडक धरा," हनोखकाका म्हणाले.

"बोडीत पावणेसहाशे लिटर नसेल असं होतं का रे?" हझान म्हणाले. "मी सांगतो, तेवढं होतंच."

"तुम्ही सांगता. मोजलं कोणी?"

यावर हझानांनी वाद घातला नाही. म्हणाले, "बरं. मोजू."

त्या वर्षीचं पाणी आता मोजता येणार नव्हतं. पण निदान किती होतं ते काढता येईल असं मला वाटलं. गोदावरीबाईला निरोप पाठवून विचारलं, तेव्हा पाणी कुठवर होतं? तिचं उत्तर तुलाराम घेऊन आला : बोडीच्या उतारावर धुण्याचा सपाट काळा दगड आहे, त्या दिवशी पाणी त्याच्या खालच्या कडेला लागलं होतं, कारण पुनाचे कपडे त्याच दगडावर काढून ठेवले आणि पदर भिजला. दगड पुरलेला आहे, हललेला नाही. बोडीचा गाळ मात्र या वर्षांत वाढलेलाच असणार, कारण ती कोणी उपसली नव्हती. गेल्या वर्षी पाऊसही कमी झाला होता. म्हणजे यंदा रोहिण्यांत पाणी त्या दगडाच्याही खाली असेल तर त्या दिवशी त्याहून जास्तच होतं. यंदाचं पाणी हे कमीत कमी माप.

रोहिण्या लागल्यावर आम्ही चौघे गेलो. हझान, हनोखकाका, मी आणि आई. आई का आली ते तिने सांगितलं नाही. बोडीत मध्यभागी एक डबकं उरलं होतं. पाण्याची कड काळ्या दगडापासून दीड-दोन हात खाली गेली होती. गोदावरीबाई आधीच येऊन बाभळीखाली बसली होती. तिने म्हशी हाकलून दिल्या होत्या आणि दोन पोरांना तंबी दिली होती की पाण्याला हात लावाल तर पाय तोडीन.

"दोघांनी वेगवेगळं मोजा," हझान म्हणाले. "एकमेकांना आकडा सांगू नका."

मी दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणली, तिच्यावर दर अर्ध्या मीटरला गाठ, आणि प्रत्येक गाठीखाली खुणा केलेली बांबूची काठी उभी केली. तळ मऊ होता. काठी गाळात घुसू नये म्हणून खाली डब्याचं चपटं झाकण ठोकलं होतं. दोरी सरकवत पूर्ण डबकं घेतलं. सगळ्यात खोल जागी अडुसष्ट सेंटिमीटर भरलं. बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून पाणी जाणार नाही, पण वाकून आडवं झालं तर जाईल. हझानांनी मान डोलावली.

माझं झाल्यावर हनोखकाका उतरले. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आपल्या पद्धतीने मोजलं, पंपाच्या टाकीचं मोजतात तसं, लांबीचे चार तुकडे करून. पाणी ढवळू नये म्हणून ते फार सावकाश पाय टाकत होते. एकदा गोदावरीबाई आईला म्हणाली, "तो दगड तोच होय, पाहा ना," आणि आईने दगडाकडे पाहिलं.

ते वर आले, पाय पुसले नाहीत, माझ्यापासून लांब बसून त्यांनी आकडेमोड केली. एकदा खोडलं, पुन्हा केली. मग दोघांनी कागद हझानांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा चढवला आणि ते मोठ्याने वाचले.

माझं उत्तर तीन हजार पाचशे दहा लिटर होतं. हनोखकाकांचं तीन हजार चारशे ऐंशी. दोन्ही कडक मापाच्या सहापट, म्हणजे आम्ही पुन्हा दहा होतो.